सोळाव्या लुईची शैली आणि एम्पायर शैली

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराचे उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाल्यानंतर प्राचीन रोमचे जे आकर्षण युरोपभर पसरले, त्यातून फ्रान्समध्ये नवअभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन कलेवर बेतलेल्या) फर्निचरची दोन ठळक रूपे घडली. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातील खुर्चीचे पाय सरळ, खाली निमुळते होत जाणारे आणि उभ्या पन्हळी कोरलेले असतात. रोकोको या आधीच्या अलंकारप्रचुर शैलीची नागमोडी वळणे मागे पडून तिथे लंबगोल पाठ, कोरीव पुष्पमाला आणि रीसेनरसारख्या कारागिरांचे रंगीत लाकडांचे नाजूक जडावकाम येते. नेपोलियनच्या एम्पायर शैलीत, जिला पर्सिए आणि फोंतेन या वास्तुविशारदांनी वळण दिले, हे जडावकाम जवळजवळ लोपते आणि महोगनीच्या रुंद, चकचकीत पृष्ठभागांवर सोन्याचा मुलामा दिलेले कांस्याचे गरुड, विजयमाला आणि १७९८ च्या इजिप्त मोहिमेनंतर विशेष लोकप्रिय झालेले स्फिंक्स विराजमान होतात. हा बदल एकाच घराण्यातही दिसतो, कारण फर्निचर कारागीर जॉर्ज जाकोब सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी काम करी, तर त्याचा मुलगा जाकोब-देमाल्तेर नेपोलियनसाठी. एम्पायरचा दरारा निर्विवाद आहे. तरीही माणसाच्या बसण्या-उठण्याचा विचार मला सोळाव्या लुईच्या खुर्चीतच अधिक जाणवतो.