मार्केट यार्डातून २०० डच गुलाब आणले, त्याचा अनुभव

आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली, कार्यक्रम घरीच करायचा होता आणि आईचा गुलाबांवर भारी जीव, म्हणून डेकोरेशनवाल्याला न सांगता फुलं आपणच आणायची ठरवली. मागच्या वर्षी घराजवळच्या एका दुकानातून ५० गुलाब घेतलेले, अर्धे उमललेले, दिसायला एकदम झकास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर निम्म्यांनी माना टाकलेल्या. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. त्यामुळे यावेळी थेट गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फूलबाजार गाठला, आणि पुण्यात राहत असाल आणि चार-पाच गड्ड्या तरी लागणार असतील तर मी म्हणेन इथेच जा.

पहाटे साडेपाचला मी आणि भाऊ पोचलो. झेंडू, शेवंती किलोवर आणि डच गुलाब गड्डीवर, एका गड्डीत २० नग, फुलांभोवती पुठ्ठा गुंडाळलेला. हे पॉलिहाऊसचे, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या शेडमध्ये वाढवलेले गुलाब, तळेगाव-मावळ भागातून भरपूर येतात. लाल हवा असेल तर ताजमहाल किंवा टॉप सीक्रेट जातीचा, पिवळ्यात गोल्ड स्ट्राइक. गावठी गुलाब वेगळा मिळतो पण तो हाराला, पूजेला, देठ आखूड असल्यामुळे फुलदाणीत उभा राहत नाही.

ज्या काकांकडून घेतले त्यांना विचारलं, "काका, पुठ्ठा सोडून बघू का?" तर म्हणाले, "बघा की ताई, बघूनच घ्या." मला तिथेच बरं वाटलं, कारण वरून फुलं छान दिसतात पण आतल्या रांगेत ओल धरून पाकळ्यांवर तपकिरी ठिपके, राखाडी बुरशी आलेली असू शकते, म्हणून जो सोडू देत नाही त्याच्याकडून घेऊच नका. मग काकांनी कळी कशी दाबायची ते दाखवलं, पाकळ्या जिथे देठाला चिकटतात तिथे दोन बोटांत हलकेच दाबायची, ताजी असेल तर कडक लागते आणि शिळी पिचपिचीत. देठाचं खालचं टोकही बघा, हिरवट-पांढरं असेल तर ठीक, काळपट आणि बुळबुळीत असेल तर माल जुना. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, चुरगळलेल्या असतात त्याला घाबरू नका, त्या फुलाचं रक्षण करतात, घरी आल्यावर काढून टाकायच्या. आणि अगदी घट्ट कळी घेऊ नका हो, ती बरेचदा उमलतच नाही. आमचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता म्हणून बाहेरच्या पाकळ्या नुकत्या सैल झालेल्या घेतल्या.

मला १४० रुपये गड्डी पडली, १० गड्ड्या घेतल्या. लग्नाचे मुहूर्त असले की रेट चढतात आणि व्हॅलेंटाइनच्या आधी तर विचारूच नका, चांगला माल एक्स्पोर्टला जातो.

आता घरी आणल्यावरचं, कारण खरी गंमत इथे आहे. बादल्या आधी साबणाने स्वच्छ धुवा. पाण्यात बुडतील तेवढी पानं काढा, ती कुजतात आणि पाणी घाण होतं. भाऊ सुरीने काटे खरवडायला लागला आणि देठाची सालच निघाली, लगेच थांबवलं त्याला, काटे राहिले तरी चालतील. देठ धारदार सुरीने दोनेक सेंटिमीटर तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात घालायचा, कारण देठ कोरडा राहिला की आत हवा शिरते, पाणी वर चढत नाही आणि मान पडते. मागच्या वर्षी माझं हेच चुकलं असणार. पाण्यात लिटरला एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे थोडे थेंब घातले. नुसती साखर घालू नका, त्याने जंतूच वाढतात. मग पंखा बंद करून अंधाऱ्या खोलीत पाच-सहा तास ठेवले. केळी, आंबे जवळ नकोत, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू येतो त्याने फुलं लवकर गळतात, म्हणूनच फळं ठेवलेल्या फ्रीजमध्येही ठेवू नका.

तरी १२ फुलांनी माना टाकल्याच. ती पुन्हा कापून टबात कोमट पाण्यात तासभर आडवी बुडवून ठेवली, त्यातली ९ ताठ झाली! आई तर बघतच राहिली.

दर दोन दिवसांनी पाणी बदलून देठ थोडे कापत राहिले, सहाव्या दिवशीपर्यंत बहुतेक फुलं छान होती. सातव्या दिवशी पाकळ्या गळायला लागल्या तर आई म्हणाली गुलकंद घालू या, पण मी नको म्हटलं, पॉलिहाऊसच्या फुलांवर औषधं मारलेली असतात, ती खायची नाहीत. मग तिने त्या परातीत पसरून गॅलरीत वाळत घातल्यात.