‘बॅटरी गेली’ म्हणतात आणि चांगली बॅटरी उचलून नेतात

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भर एप्रिलमध्ये घडलेला प्रकार. घरात दोघंच, निवृत्त नवरा-बायको. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमतेचं माप), तीन वर्षं वापरलेली ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची बॅटरी. लाइट गेली की तीन-साडेतीन तास पंखे चालायचे, ते एकाएकी वीस मिनिटांवर आलं. गल्लीतून ‘इन्व्हर्टर-बॅटरी सर्व्हिस’ असा बोर्ड लावलेला टेम्पो जात होता, त्याला त्यांनी हाक मारली. त्याने मल्टिमीटर लावला, ११.६ व्होल्टचा आकडा काकांना दाखवला आणि म्हणाला, “काका, बॅटरी गेली. सेल बसलेत, आता काही होणार नाही.” टेम्पोत ‘नवी’ बॅटरी तयारच होती. किंमत १३,५०० रुपये, जुनीचे २,००० वजा, हातात ११,५०० रोख. बिल दुकानातून पाठवतो म्हणाला. वॉरंटी कार्ड दिलं, त्यावर ना शिक्का ना तारीख. अर्ध्या तासात जुनी बॅटरी टेम्पोत चढली आणि टेम्पो गेला.

पाचव्या दिवशी लाइट गेली आणि ही ‘नवी’ बॅटरी दहा मिनिटांत बसली.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. पहिली, जुनी बॅटरी बिघडलेली नव्हतीच. दुसरी, दिलेली बॅटरी नवी नव्हती. दोन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता आल्या असत्या, आणि त्यासाठी लागतात फक्त दोन वस्तू : चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि दोन-तीनशेचा हायड्रोमीटर, म्हणजे काचेची नळी आणि वर रबरी फुगा असलेलं, ॲसिडची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ते किती दाट आहे) मोजायचं साधन.

आधी त्या ११.६ बद्दल. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज करून चार-पाच तास नुसती ठेवलेली चांगली ट्युब्युलर बॅटरी १२.५ ते १२.७ दाखवते. ११.९ च्या खाली आली की ती रिकामी झालेली असते. रिकामी म्हणजे खराब नव्हे. एखादा सेल खरंच शॉर्ट झाला असेल, तर बॅटरी रात्रभर चार्ज करूनही १०.५ च्या आसपास अडकते, कारण सहापैकी पाचच सेल काम करत असतात. म्हणून चार्ज न करता घेतलेल्या व्होल्टेजवरून कुणी बॅटरी गेल्याचं सांगत असेल, तर एकतर त्याला काम येत नाही किंवा तो खोटं बोलतोय.

हायड्रोमीटर याहून स्पष्ट बोलतो. सहाही सेलची बुचं काढून एकेकाचं रीडिंग घ्यायचं आणि कागदावर लिहायचं. भरलेल्या ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास येते, रिकामी झाली की १.१५० किंवा त्याहून खाली. पण खरं पाहायचं ते सहा आकड्यांमधलं अंतर. सगळे सेल सारखेच खाली असतील, समजा १.१४५, १.१५०, १.१५० असे, तर बॅटरीला चार्जिंग मिळत नाहीये, दोष दुसरीकडे आहे. पाच सेल १.२३० आणि एकच १.१६० असेल, तर तो सेल गेला. हे रीडिंग पाणी घातल्यावर लगेच घेऊ नका. वरचं ताजं पाणी ॲसिडमध्ये मिसळायला वेळ लागतो, तोवर आकडा खोटाच येतो. आधी रीडिंग, मग पाणी.

त्या घरातला दोष इन्व्हर्टरच्या मागच्या एका छोट्या बटणात निघाला. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असे दोन पर्याय असतात. यूपीएस मोड कॉम्प्युटरसाठी असतो. त्यात साधारण १८० ते २६० व्होल्टमधलीच वीज इन्व्हर्टर ‘वीज’ म्हणून घेतो. नॉर्मल मोडमध्ये साधारण १०० ते २९० पर्यंत चालतं. सुट्टीत आलेल्या नातवाच्या कॉम्प्युटरसाठी बटण यूपीएसवर केलं गेलं आणि तसंच राहिलं. उन्हाळ्यात शेतीपंप सुरू झाले की गावठाणात व्होल्टेज १६०-१७० वर उतरतं. घरातले दिवे लागलेले असतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. इन्व्हर्टर मात्र तेवढी वीज नाकारतो, दिवसभर बॅटरीवरच घर चालवतो आणि रात्री उशिरा व्होल्टेज वर आलं की जे काही थोडंफार चार्जिंग होईल तेवढंच. काही दिवसांत बॅटरी पार रिकामी. नवी आणली तरी तिचंही तेच होणार होतं, आणि झालं.

म्हणून बॅकअप कमी झाला की बॅटरीच्या आधी चार्जिंग तपासा. लाइट असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर धरा. आकडा हळूहळू १३.५ च्या वर चढून १४ च्या घरात गेला पाहिजे. बारा-सव्वाबारावरच रेंगाळत असेल, तर चार्जिंग होत नाही. मग पाहायचं ते क्रमाने : भिंतीच्या सॉकेटमध्ये किती व्होल्ट येतात, मोडचं बटण कुठे आहे, इन्व्हर्टरच्या मागचा इनपुट फ्यूज किंवा ट्रिपचं बटण, आणि शेवटी टर्मिनल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला की मीटरला व्होल्टेज बरोबर दिसतं, पण चार्जिंगचा करंट आत जात नाही. इन्व्हर्टर बंद करून, प्लग काढून, आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, थेंबही बुचातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करून नट घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. हातातली अंगठी, बांगडी आधी उतरवा. पान्याने दोन टर्मिनल जोडली गेली तर हात भाजतो. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ उदबत्तीसुद्धा नको.

एवढं सगळं बरोबर असूनही व्होल्टेज चढत नसेल, तर इन्व्हर्टरचं चार्जिंग सर्किट बिघडलंय. ते दुरुस्त होतं, आणि त्याचा खर्च नव्या बॅटरीच्या जवळपासही जात नाही.

आता ‘नव्या’ बॅटरीकडे. तिचं स्टिकर एका कोपऱ्यात उचकटलं होतं. नखाने ओढल्यावर खाली दुसऱ्या कंपनीच्या स्टिकरचा चिकट चौकोन निघाला, थोडा तिरका. टर्मिनलचं शिसं कानशीने घासून चकाकवलेलं होतं, पण नटाच्या जागी पान्याचे जुने ओरखडे तसेच राहिले होते. ग्रॅव्हिटी पाच सेलची १.१९० च्या मागेपुढे, सहाव्याची १.०९०. भंगारात आलेली बॅटरी धुवून, ॲसिड ओतून टाकून, त्यात ताजं ॲसिड भरून चार्ज केली की पहिले काही दिवस ग्रॅव्हिटीही ठीक येते आणि व्होल्टेजही. प्लेटांवर जमलेलं सल्फेट मात्र तसंच असतं, प्लेटांवरून गळालेला माल तळाशी तसाच. म्हणून ‘फक्त ॲसिड बदलून देतो, नवीसारखी होईल’ हे ऐकलं की तिथेच थांबवा. घरच्या बॅटरीत आयुष्यभर फक्त डिस्टिल्ड वॉटर जातं, ॲसिड कधीच नाही. आणि आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर नव्हे, त्यात क्षार उरतात.

अशी बॅटरी उघडी पडते ती लोडवर, म्हणजे पंखे-दिवे चालवल्यावर. आणि त्यासाठी १५० एएच या आकड्याचा अर्थ कळायला हवा, कारण विकणारा त्याच आकड्यावर ‘आठ तास चालेल’ म्हणतो. बॅटरीवर ‘सी २०’ लिहिलं असेल, तर १५० एएच म्हणजे ७.५ अँपिअरने वीस तास, म्हणजे जेमतेम ९० वॅट. तीन पंखे, चार एलईडी बल्ब आणि एक टीव्ही धरले तर ३३० वॅट होतात. इन्व्हर्टरमधला तोटा धरून बॅटरीतून ३२ अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. एवढ्या वेगाने ओढलं की १५० चे साधारण ११०च हाती लागतात. म्हणजे सव्वातीन-साडेतीन तास. नवी बॅटरी रात्रभर चार्ज करा, सकाळी इन्व्हर्टरचा प्लग काढा, एवढाच लोड लावा आणि घड्याळ बघा. तीन तास ओढली तर बॅटरी चांगली. पहिल्या अर्ध्या तासातच व्होल्टेज ११ च्या खाली गेलं, तर त्याच दिवशी परत पाठवा. पंधरा मिनिटांची चाचणी काही सिद्ध करत नाही, रिपेअर केलेली बॅटरीही तेवढं चालते.

घेताना वजनही बघा. ॲसिड भरलेली १५० एएचची टॉल ट्युब्युलर ५० ते ६० किलोच्या घरात असते, एकट्याने सहज उचलली तर आत शिसं कमी आहे. डब्यावर कोरलेला सीरियल नंबर, वॉरंटी कार्डवरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. तो नंबर पैसे देण्याआधी दुकानातच कंपनीच्या साइटवर किंवा कस्टमर केअरला सांगून रजिस्टर करून घ्या. दुसऱ्याच्या नावावर आधीच रजिस्टर असेल तर तिथेच कळतं. ‘३६ अधिक १८ महिने’ अशी वॉरंटी असली तर बदलून मिळते ती पहिल्या ३६ महिन्यांतच. पुढच्या १८ मध्ये नव्या बॅटरीवर सूट मिळते, आणि ती बहुतेक वेळा एमआरपीवर मोजतात. बाजारात बॅटरी एमआरपीच्या कितीतरी खाली मिळते, त्यामुळे त्या सवलतीतून हाती फारसं येत नाही.

आणि जुनी बॅटरी. ती दोन रात्री चार्ज होऊन सहा सेलचं रीडिंग कागदावर येईपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका. खरंच गेली असेल तर वजनकाट्यावर किलोने विका किंवा नवी घेताना दुकानात एक्स्चेंजला द्या, आणि तिची रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्या.

फसवणूक झालीच असेल तर बॅटरी उघडू नका, स्टिकर काढू नका, सीरियल नंबरचे आणि टर्मिनलचे फोटो काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तिथे बिल लागतं, निदान यूपीआयने पैसे दिल्याची नोंद तरी. त्या घरात ११,५०० रोख गेले होते, कागद एकच होता, कोरं वॉरंटी कार्ड, आणि टेम्पोचा नंबर कुणी लिहून घेतला नव्हता. मोडचं बटण नॉर्मलवर करायला एक पैसाही लागला नाही, पण तोवर त्यांची चांगली बॅटरी टेम्पोतून निघून गेली होती.