हॉवर शिकण्यासाठी घेतलेले विमान आणि विक्रेत्याने लपवलेले वजन

रेडिओ कंट्रोल विमानाचे नाक सरळ आकाशाकडे करून ते प्रॉपेलरच्या ओढीवर जागच्या जागी तोलून धरणे, म्हणजेच हॉवर, शिकू पाहणाऱ्या माणसाला फसवणे विक्रेत्याला फार सोपे जाते. विमान खाली आले की शिकणारा आधी स्वतःच्या बोटांना दोष देतो, आणि विमानात मुळात तेवढी ताकदच नाही ही शंका त्याच्या मनात फार उशिरा येते. मला विमान विकणाऱ्याने नेमका याच गोष्टीचा फायदा घेतला. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून सगळा प्रकार मोजमापांसह मांडत आहे.

जाहिरातीत लिहिले होते ते असे: पंखांचा पसारा सुमारे १ मीटर, सांगाडा ईपीपी (एक्स्पांडेड पॉलिप्रॉपिलीन) फोमचा, उड्डाणासाठी तयार वजन ४८० ग्रॅम, मोटारीची ओढ ९०० ग्रॅम, आणि सोबत ३ सेलची १३०० एमएएच क्षमतेची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. हे आकडे खरे असते तर त्यांत नाव ठेवायला जागा नव्हती. हॉवरमध्ये पंख जवळजवळ काहीच भार उचलत नाहीत, सगळे वजन प्रॉपेलरवर येते. ओढ वजनाइतकीच असेल तर विमान जेमतेम टिकते, पण थोडी उंची गमावली की ती परत मिळवण्यासाठी हाताशी काहीच उरत नाही. म्हणून शिकणाऱ्याच्या विमानात वजनाच्या निदान दीडपट ओढ असावी, आणि दुपटीच्या जवळ असेल तर अधिकच चांगले, कारण तोल गेल्यावर थ्रॉटल देऊन, म्हणजे मोटारीचा जोर वाढवून, वर निसटता येणे हाच त्याचा खरा आधार असतो. जाहिरातीतल्या आकड्यांवरून हे प्रमाण १.९ च्या आसपास येत होते.

जाहिरातीबरोबर एक व्हिडिओही होता. तो नंतर सावकाश पाहिला तेव्हा दिसले की प्रत्येक उभ्या चढाईच्या आधी विमान खाली सूर मारते, त्या वेगावर वर जाते, आणि वेग संपण्याच्या आतच दृश्य बदलते. हॉवर म्हणून दाखवलेला भाग तर प्रत्यक्षात हॅरियर होता, म्हणजे वाऱ्याला सामोरे जात, नाक तिरपे वर ठेवून केलेले संथ उड्डाण, ज्यात वजनाचा बराच वाटा पंख उचलत असतात.

माझ्याकडे विमान पूर्ण थ्रॉटलवरही नाक वर करून टिकत नव्हते. वर्षानुवर्षे हॉवर करणाऱ्या एका मित्राच्या हाती ट्रान्समीटर दिला, तर त्याच्याही हाती ते सावकाश खालीच येत राहिले. प्रश्न कौशल्याचा नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. विमान बॅटरीसकट डिजिटल काट्यावर ठेवले तेव्हा वजन भरले ६४० ग्रॅम. मग शेपटीला दोरी बांधून ती प्रवासी बॅगा तोलण्याच्या हुकाच्या काट्याला अडकवली आणि गुळगुळीत फरशीवर विमान चाकांवर उभे करून पूर्ण थ्रॉटल दिला. सुरुवातीला काटा ७०० ग्रॅमवर गेला आणि अर्ध्या मिनिटात ६१० वर उतरला. (ही चाचणी करताना प्रॉपेलरच्या समोर किंवा त्याच्या पात्यांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.) ६४० ग्रॅमचे विमान ६१० ग्रॅमच्या ओढीवर कोणालाही तोलून धरता येणार नाही.

तक्रार केल्यावर उत्तर आले की हॉवर हा कौशल्याचा खेळ आहे, सिम्युलेटरवर सराव वाढवावा. हा सल्ला एरवी चांगला आहे, सिम्युलेटरशिवाय कोणी हॉवर शिकायला जाऊ नये असेच मीही सांगेन. पण वजनाविषयीच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. विमान हॉवरमध्ये स्वतःभोवती डावीकडे फिरते हा मोटार जोरदार असल्याचा पुरावा आहे, असेही मला सांगण्यात आले. हे फिरणे प्रॉपेलरच्या फिरण्याची प्रतिक्रिया असते, ते उजव्या एलेरॉनने (एलेरॉन म्हणजे विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आवरायचे असते, आणि त्यावरून ओढ किती आहे हे मुळीच कळत नाही.

पुढे एकेक भाग तपासत गेलो. मोटारीवरच्या चिकटपट्टीवर १००० केव्ही (म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे, किलोव्होल्ट नव्हे) छापलेले होते. प्रॉपेलर काढून लेझर टॅकोमीटरने फेरे मोजले आणि त्यांना व्होल्टेजने भागले, तेव्हा आकडा १४०० च्या जवळ आला. अशा वेगवान मोटारीवर ८×६ चा, म्हणजे ८ इंच व्यासाचा आणि ६ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) प्रॉपेलर बसवलेला होता. हा संच सरळ वेगात उडण्यासाठी ठीक आहे, व्हिडिओतही तो आकर्षक दिसतो. पण जागच्या जागी टांगून राहायला मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा प्रॉपेलर लागतो, उदाहरणार्थ या आकाराच्या विमानाला १०×४.७. याचे दुसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. हॉवरमध्ये पुढून येणारा वारा नसल्यामुळे शेपटीवरचे रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) फक्त प्रॉपेलरच्या झोतावर काम करतात, आणि लहान प्रॉपेलरचा अरुंद झोत त्यांच्या थोड्याच भागावर पोहोचतो. त्यातच या विमानाचे रडर आणि एलेव्हेटर जेमतेम २० अंश हलत होते, जेव्हा हॉवरसाठी ४० ते ४५ अंश हालचाल हवी असते.

बॅटरीत तर सरळसरळ लबाडी होती. चार्जरवर पाहिले तर रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला ९०० एमएएचसुद्धा लागले नाहीत, आणि तिन्ही सेलचे अंतर्गत रोध एकमेकांपासून फारच वेगळे निघाले. नव्या बॅटरीत ते जवळपास सारखे असतात. जुन्या वापरलेल्या बॅटरीवर नवे आवरण चढवून ती दिली होती, असाच माझा निष्कर्ष आहे, आणि ओढ इतक्या लवकर का घसरली हेही त्यावरून समजते.

फोमची गोष्ट सर्वांत संतापजनक वाटते. ईपीपी लवचिक असते, आपटले तर दबते आणि बहुतेक वेळा परत उसळते, म्हणून शिकणाऱ्याने तेच घ्यावे असे सगळे जाणकार सांगतात. माझ्या विमानाचे नाक पहिल्याच आपटण्यात चिरले. चिरेत साध्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब सोडताच फोम विरघळून खड्डा पडला. ईपीपीवर हा गोंद असे करत नाही, पॉलिस्टायरीनच्या फोमवर करतो. ईपीपी म्हणून विकलेली वस्तू ईपीपी नव्हतीच.

ज्यांना असे विमान घ्यायचे आहे त्यांनी विक्रेत्याकडे एकच व्हिडिओ मागावा, मध्ये कुठेही न तोडलेला: विकायचे तेच विमान, त्याच बॅटरीसह काट्यावर, आणि लगेच दोरीने हुकाच्या काट्याला बांधून पूर्ण थ्रॉटलवर निदान ३० सेकंद. शेवटच्या सेकंदाची ओढ वजनाच्या दीडपट नसेल तर पुढे बोलू नये. विमानात स्थिरतेसाठी जायरो बसवलेला असेल तर व्हिडिओत तो चालू होता की बंद, हेही विचारावे. जायरो मदतीला असणे वाईट नाही, तो लपवणे वाईट आहे. फोमच्या प्रकाराबद्दल खात्री हवी असेल तर त्याच फोमचा एखादा उरलेला तुकडा पाठवायला सांगावे आणि त्यावर गोंदाचा थेंब टाकून पाहावा.

जाहिरातीची प्रत पैसे देण्याआधी तारखेसह जपून ठेवावी. माझी तक्रार गेल्यानंतर त्या जाहिरातीत ‘उड्डाणासाठी तयार वजन’ या शब्दांच्या जागी ‘सांगाड्याचे वजन’ असे झाले, आकडा मात्र ४८० चाच राहिला. जुनी प्रत माझ्याजवळ होती म्हणूनच बॅटरी आणि मोटार यांचे पैसे परत मिळाले. सांगाड्याचे पैसे, तो ‘वापरून मोडला’ असे कारण देऊन, अजूनही नाकारले जात आहेत.