पॅड उतरवल्यावर: सर व्हावं की अंपायर?

रणजीच्या संभाव्य यादीत नाव येतं, अकरांत येत नाही. अशी दोन वर्षं गेली की मुंबईतल्या तेहतीस-चौतिशीच्या खेळाडूला विचार करावाच लागतो. कॉमेंट्री मोठ्या नावांसाठी, आणि कंपन्यांच्या टीममधल्या नोकऱ्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. मैदानाशीच नातं ठेवायचं तर उरतात दोन वाटा: कोचिंग आणि अंपायरिंग. मी अंपायरिंगकडे झुकलेला आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचता येईल.

थांबायचं कधी, हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्यात हिशेबही आहे. क्रिकेट बोर्डाने (बीसीसीआय) २०२१मध्ये ठरवलेल्या दरांनुसार चाळीसहून जास्त प्रथम श्रेणी सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,००० रुपये, राखीव बसला तर निम्मे. २०२२मध्ये बोर्डाच्या खालच्या गटांतल्या अंपायरलाही दिवसाचे ३०,०००च मिळत होते. म्हणजे पाण्याच्या बाटल्या नेणं आणि स्क्वेअर लेगला उभं राहणं, पैशांत सारखंच. फक्त पहिलं काम फार तर आणखी एखादा मोसम मिळतं.

अर्थात तिथवर पोचायला परीक्षा आहेत, आणि त्या लेच्यापेच्या नाहीत. २०२२मध्ये अहमदाबादला झालेल्या बोर्डाच्या परीक्षेत १४० जणांतून तिघे पास झाले. २०० गुण, त्यात लेखी १००, तोंडी आणि व्हिडिओला प्रत्येकी ३५, शारीरिक चाचणीला ३०. प्रश्न कसे, तर पिचवर झाडाची सावली पडली आणि फलंदाजाने तक्रार केली तर काय कराल, आणि क्षेत्ररक्षकाची पडली तर? झाडाची सोडून द्यायची. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर उभं राहायला सांगायचं. वीस वर्षं खेळलेला माणूस इथे अडखळतो, कारण नियम त्याने पुस्तकातून नाही, अपील करता करता शिकलेले असतात. चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजाने धावबाद करण्याचंच घ्या. १ ऑक्टोबर २०२२पासून ते ‘अनुचित खेळ’ या कलमातून निघून साध्या धावबादच्या ३८व्या नियमात गेलं. ज्यांच्या नावाने त्याला ‘मांकडिंग’ म्हणून हिणवलं जायचं त्या विनू मांकड यांच्या नावाचं गेट वानखेडेला आहे, तरी आपल्याच मैदानांवर अजून त्यावरून तोंडं वाकडी होतात.

माजी खेळाडूची दुसरी खोड मानेची. कव्हरला ढकलून चोरटी धाव घेतली की त्याची नजर चेंडूमागे जाते ती तिथेच राहते. धावबाद दिसतो तो क्रीजवर. चेंडू ज्या बाजूला गेला त्याच बाजूला सरकायचं, क्रीजच्या रेषेत यायचं आणि थ्रो सुटला की चेंडू सोडून बॅटचं टोक बघायचं. ही सवय मोडायला माझ्या अंदाजाने एक अख्खा मोसम लागतो. त्यात आझाद मैदानावर २२ पिचं, सीमारेषा एकमेकींत घुसलेल्या. शेजारच्या सामन्याचा डीप पॉइंट तुमच्या खांद्याला खांदा लावून उभा, आणि मध्येच त्यांचा चेंडू आपल्या पिचवर. दिवसाची ९० षटकं म्हणजे किमान ५४० चेंडू. गुडघा आधीच बोलत असेल तर हे काम विचार करूनच घ्या.

कोचिंगला गुडघा कमी लागतो, खांदा जास्त. साइडआर्मने, म्हणजे चेंडू फेकायच्या लांब दांड्याने, थोडी सोय झाली आहे. चाळीस मुलं, तीन नेट, दोन तास म्हणजे एकेकाला फलंदाजीला नऊ मिनिटं. त्यात ऑफ स्टंपबाहेर बॅट टाकणाऱ्याचा पुढचा पाय सरळ करायचा. जाळीचा खालचा कोपरा दर महिन्याला फाटतो, माळ्याला सांभाळावं लागतं, आणि जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. हे सगळं जमतं. मुलगा पहिल्यांदा खाली वाकून नीट ड्राइव्ह मारतो तेव्हाचं समाधान अंपायरला कधीच मिळत नाही, हेही कबूल.

माझा काटा फिरला तो फीवरून. ज्या बापाकडून एक तारखेला फी घ्यायची, त्याच्याच मुलाला रविवारी अकरांतून वगळायचं. चौदा वर्षांखालच्या सामन्याला चाळीसातले एकोणतीस बाहेर बसतात, आणि त्या एकोणतीस घरांना आपण पैसे भरतोय हे पक्कं ठाऊक असतं. ‘सर, याला ओपनिंग का नाही?’ हा फोन रात्री साडेदहाला येतो, आणि वगळलेला मुलगा पुढच्या महिन्यात एकटा जात नाही, दोन मित्रांना घेऊन जातो. मग कोच नकळत फी देणाऱ्याकडे बघून टीम लिहू लागतो. अंपायरला मानधन असोसिएशन देते. पायचीत कोण झाला याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. शिव्या तिथेही आहेत, पण बेल्स उचलल्या की त्या मैदानातच राहतात.

वर जायची वाट कुठलीच जवळची नाही. अमोल मुजुमदार प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करून २०१४मध्ये निवृत्त झाले, मुंबईचं प्रशिक्षकपद त्यांना मिळालं २०२१मध्ये, आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत त्यांच्या मार्गदर्शनाखालच्या भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. अशी उंची हवी असेल तर कोचिंगच करा, माझं ऐकू नका. अंपायरिंगला मात्र मोठा स्कोअरकार्ड लागत नाही. वीज मंडळात नोकरी करणारे पिलू रिपोर्टर १९८६मध्ये व्ही. के. रामस्वामींसोबत लाहोरच्या कसोटीला तटस्थ पंच म्हणून उभे राहिले होते.

ठरत नसेल तर निवृत्ती जाहीर करायच्या आधीच मे महिन्यात दोन्ही करून बघा. दहा दिवस एखाद्या ओळखीच्या सरांच्या उन्हाळी शिबिरात, फी गोळा करण्यासकट. आणि ऑफिस लीगचे दोन पूर्ण दिवसांचे सामने अंपायर म्हणून: सामन्याआधी ४५ मिनिटं हजर, खिशात चेंडू मोजायचा काउंटर, नाणं, छोटी कात्री, जास्तीच्या बेल्स, आणि टोपीखाली ओला रुमाल.