सेना की प्रोस्त: आधी कोणाच्या शर्यती पाहाव्यात?

फॉर्म्युला वनचा इतिहास नव्याने पाहणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. विजयांच्या हिशेबात आलँ प्रोस्त (४ विश्वविजेतेपदे, ५१ विजय) आयर्टन सेनाच्या (३ आणि ४१) पुढे आहे. एका फेरीच्या वेगात मात्र सेनाच्या ६५ पोल पोझिशनसमोर (पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरून मिळणारी शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा) प्रोस्तच्या ३३ फिक्या पडतात. १९८८ मध्ये दोघेही मॅक्लारेन या एकाच संघात होते, म्हणून त्या वर्षाची तुलना मला सर्वांत न्याय्य वाटते. मोनॅकोच्या पात्रता फेरीत सेना जवळपास दीड सेकंदाने वेगवान ठरला, पण शर्यतीत भक्कम आघाडी असताना कठड्यावर आदळला आणि प्रोस्त जिंकला. हंगामातले एकूण गुणही प्रोस्तचेच जास्त होते; केवळ सर्वोत्तम ११ निकाल धरण्याच्या (काहीशा विचित्र) नियमामुळे विजेतेपद सेनाला मिळाले. शर्यत डोक्याने कशी बांधावी हे समजून घ्यायचे असेल, त्याने प्रोस्तचा १९८६ चा हंगाम पाहावा. पावसातली धिटाई पाहायची असेल, त्याने सेनाची १९९३ ची इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन ट्रॅकवरची पहिली फेरी पाहावी.