संसद डिजिटल ग्रंथालय: लोकनायक अणे शोधायचे असतील तर

नागपूरचे जुने खासदार लोकनायक बापूजी अणे यांच्यावर प्रबंध, लेख किंवा स्मरणिका करायला घेतली असेल, तर संसद डिजिटल ग्रंथालयाइतकी (संसदेच्या कामकाजाचे वृत्तांत असलेलं संकेतस्थळ) कामाची फुकट सोय दुसरी नाही. दिल्लीची वारी वाचते, पीडीएफ थेट उतरवून घेता येते. पण शोधाच्या चौकटीत नुसतं आडनाव टाकून बसलात तर हाती फार थोडं लागेल. इथे तारीख घेऊन जायचं असतं. म्हणजे अण्यांची कारकीर्द आधी कागदावर वर्षावार मांडायची, मग संगणक उघडायचा.

कारण अणे तीन सभागृहांत बसले: ब्रिटिशकालीन केंद्रीय विधानसभा, संविधान सभा आणि लोकसभा. तिन्हींचे वृत्तांत वेगवेगळ्या संग्रहांत आहेत. बहुतेक जण फक्त लोकसभा चाळतात आणि सगळ्यात कसदार भाग सोडून देतात.

तो भाग केंद्रीय विधानसभेचा. तिथे ते वऱ्हाडचे प्रतिनिधी. वऱ्हाड कायद्याने निजामाचं, म्हणून तिथून निवडून आलेल्या माणसाची सरकार रीतसर 'नेमणूक' करत असे. त्यामुळे नियुक्त सदस्यांच्या यादीत नाव दिसलं तर ते सरकारधार्जिणे होते, असा निष्कर्ष काढू नका. 1930 मध्ये त्यांनी जागा सोडली, जुलैत पुसदला जंगल सत्याग्रह करून अटक ओढवून घेतली. तिथून 1934 अखेरपर्यंतचे खंड उघडण्यात अर्थ नाही. 1941 ते फेब्रुवारी 1943 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात (म्हणजे आजच्या मंत्रिमंडळासारखं) होते, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांत नव्हे, उत्तर देणाऱ्यांत पाहावं लागतं. नावाआधी 'ऑनरेबल' लागलेलं असतं. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा, मग सिलोनला सरकारचे प्रतिनिधी, 1948 ते 1952 बिहारचे राज्यपाल. संविधान सभेतला मुक्काम म्हणूनच छोटा, तो 1947 मध्येच शोधायचा.

लोकसभेत ते 1959 च्या पोटनिवडणुकीतून आले, अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने जागा रिकामी झाली होती. 1962 ला पुन्हा निवडून आले. म्हणजे दुसऱ्या लोकसभेची शेवटची वर्षं आणि तिसरी लोकसभा पूर्ण. इथे 'डॉ. एम. एस. अणे' (माधव श्रीहरी) असं नाव सापडतं. या वृत्तांतांत एका पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना दिलेले असतात. संदर्भ देताना पीडीएफचा पान क्रमांक टाकलात तर पडताळणाऱ्याला ते सापडणारच नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. जुनी पानं स्कॅन केलेली आहेत, त्यातली अक्षरओळख (संगणकाने चित्रातला मजकूर वाचणं) भरवशाची नाही. फिकट छपाईत इंग्रजी नावंही चुकतात, देवनागरी मजकुराचं तर विचारूच नका. फाइलमधला शोध रिकामा आला म्हणजे माणूस त्या दिवशी बोललाच नाही, असं धरायचं नाही. सुरुवातीची विषयसूची डोळ्यांनी वाचायची, जिथे नामसूची असेल तिथे ती आधी. 'मूळ' आणि 'इंग्रजी' अशा दोन आवृत्त्या दिसल्या तर मूळच घ्या. हिंदीत झालेलं भाषण इंग्रजी आवृत्तीत भाषांतर होऊन येतं आणि बोलण्यातला ठसका जातो. फाइल पूर्ण दिवसाच्या कामकाजाची असते, मोबाइलवर वाचायला वैताग. घरी वायफाय नसेल तर सरळ एखादी अभ्यासिका गाठा.

आणि हे संसदेचं ग्रंथालय आहे, विधिमंडळाचं नाही. जांबुवंतराव धोटे 1971 आणि 1980 मध्ये नागपूरचे खासदार होते, तेवढे इथे मिळतील. धोटे यांनी 1964 मध्ये विधानसभेत पेपरवेट फेकल्याचं प्रकरण राज्याच्या कामकाजातच पाहावं लागेल. नितीन गडकरींचंही तसंच: 1989 पासूनची विधान परिषद इथे नाही, 2014 नंतरचं आहे. मतांचे आकडे तर इथे मिळायचेच नाहीत. ते निवडणूक आयोगाच्या अहवालांत, पण सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते, त्यामुळे अण्यांच्या 1959 च्या निकालासाठी वेगळीकडे पाहावं लागतं, उदाहरणार्थ त्या आठवड्याची वर्तमानपत्रं.

उतरवलेल्या फाइलींना संकेतांकांची नावं असतात. लगेच 'वर्ष-महिना-दिवस-सभागृह' असं नाव देऊन ठेवा, नाहीतर पन्नास फाइलींत तीच तीच परत उघडत बसाल.