उप्सालाचा युद्धमृत्यूंचा डेटाबेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी परदेशाचं पान बघते. वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या मजकुरात, म्हणजे एजन्सीच्या कॉपीत, ‘शेकडो ठार’, ‘हजारोंचा बळी’ हे रोजचं आहे, आणि मथळा ठरवायला वेळ जेमतेम मिळतो. त्यातला कुठला आकडा धरायचा हे नीट कळावं म्हणून स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक डेटाबेस वापरायला घेतला. अभ्यासकांमध्ये तो यूसीडीपी (उप्साला कॉन्फ्लिक्ट डेटा प्रोग्राम) या नावानं ओळखला जातो. गेले काही महिने तो माझ्या कामात रोज आहे. पत्रकार, राज्यशास्त्र शिकवणारे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, यांच्यापैकी कुणाच्याही तो उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

याला पैसे लागत नाहीत. संकेतस्थळावर जगाचा नकाशा आहे, देशावर क्लिक केलं की तिथल्या हिंसाचाराचा १९८९ पासूनचा आलेख उघडतो. पण खरा ऐवज घटनावार फाइलमध्ये आहे. तिच्यात तीन लाखांहून जास्त ओळी आहेत आणि एक ओळ म्हणजे एक घटना: कोण कुणाशी लढलं, कधी, कुठल्या गावाजवळ, किती माणसं मेली आणि ही माहिती कुठल्या बातमीतून किंवा अहवालातून घेतली. फाइल एक्सेलमध्ये उघडते, जुन्या कॉम्प्युटरवर मात्र फार रखडते. आपल्याला हव्या त्या देशाच्या ओळी फिल्टर करून वेगळ्या जतन केल्या की त्रास संपतो. सगळं इंग्रजीत आहे, एवढी अडचण धरून चाला.

सोबतचं कोडबुक, म्हणजे व्याख्या आणि स्तंभांचे अर्थ सांगणारी पुस्तिका, वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावू नका, हे कळकळीनं सांगते. दोन संघटित बाजूंमध्ये एका कॅलेंडर वर्षात किमान २५ मृत्यू झाले तर तो इथं सशस्त्र संघर्ष धरला जातो, आणि सरकार एका बाजूला असलेल्या संघर्षात १,००० मृत्यू झाले की युद्ध. हिंसेचे तीन प्रकार केले आहेत: सरकार ज्यात एक पक्ष आहे अशी, सरकार नसलेल्या दोन गटांमधली, आणि निःशस्त्र नागरिकांवर केलेली एकतर्फी. १९९४ चा रवांडातला नरसंहार या तिसऱ्या प्रकारात येतो. एकूण आलेखात त्या वर्षाचा सुळका असा उभा राहतो की त्याच्या आजूबाजूची वर्षं सपाट वाटतात.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती मृत्यूंच्या आकड्यांची रचना. प्रत्येक घटनेला तीन आकडे असतात: लो (कमीत कमी), बेस्ट (सगळ्यात विश्वासार्ह) आणि हाय (जास्तीत जास्त). शिवाय बेस्टची फोड चार स्तंभांत केलेली असते: या बाजूचे मृत, त्या बाजूचे मृत, नागरिक आणि ओळख न पटलेले. ठिकाणाची खात्री किती, हेही १ ते ७ या श्रेणीत दिलेलं असतं. नेमकी जागा माहीत असेल तर १, फक्त देश माहीत असेल तर ६. बातमीत आपण जे सरसकट ‘कथित’ म्हणून सोडून देतो, ते इथं मोजून ठेवलेलं आहे. या स्तंभांची सवय झाल्यापासून एजन्सीची कॉपी वाचताना मनात आपोआप विचारलं जातं: हा आकडा कुणी दिला, आणि मेलेल्यांची ओळख कुणी ठरवली?

ही ओळख ठरवण्याची गोष्ट किती अवघड आहे हे आपल्याच गडचिरोलीवरून कळतं. भारताच्या ओळींमध्ये सरकार विरुद्ध माओवादी हा संघर्ष आहे. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात कसनासूरजवळ चकमक झाली. पहिल्या दिवशी सोळा जण ठार झाल्याची बातमी आली, मग इंद्रावती नदीत मृतदेह सापडत गेले आणि आणखी एक चकमक धरून काही दिवसांत पोलिसांचा आकडा ४० पर्यंत पोहोचला. सगळे माओवादी, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आमची मुलं कसनासूरला लग्नाला गेली होती, असं गट्टेपल्ली गावातले आईबाप सांगत होते. अशा घटनेची ओळ भरताना नागरिकांच्या स्तंभात शून्य लिहायचं की काही, हे हाती आलेल्या कागदांवर ठरतं, आणि पहिला कागद बहुधा पोलिसांचाच असतो. उप्सालाची माणसं बातम्यांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, सत्यशोधन आयोगांची कागदपत्रं असं बरंच वाचतात. तरी जिथं वार्ताहर पोहोचत नाही तिथं त्यांचा हातही पोहोचत नाही. ही मर्यादा ते स्वतःच मान्य करतात, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

टिग्रेमध्ये हे फार भयंकर प्रमाणात घडलं. इथिओपियाच्या या उत्तरेकडच्या प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात करार झाला. मधल्या काळात बराच वेळ फोन बंद, इंटरनेट बंद, पत्रकारांना मज्जाव. मराठी वर्तमानपत्रांत २०२२ मध्ये युक्रेन रोज होतं, टिग्रे क्वचित कुठंतरी सिंगल कॉलम. उप्सालाच्या हिशेबात मात्र त्या वर्षी इथिओपियातल्या लढायांमध्ये एक लाखाहून जास्त माणसं मेली, म्हणजे युक्रेनपेक्षाही जास्त. आफ्रिकी संघाचे दूत ओलुसेगुन ओबासान्जो यांनी तर एकूण मृत्यू सहा लाखांपर्यंत असतील असं म्हटलं होतं. हे वाचून पान लावणाऱ्या कुणालाही अस्वस्थ व्हायला हवं.

२०२२ चंच आणखी एक सांगते, कारण काम करताना ते फार महत्त्वाचं ठरतं. २०२३ च्या प्रकाशनात त्या वर्षीच्या संघटित हिंसेतल्या मृत्यूंचा आकडा २ लाख ३७ हजार होता. पुढच्या वर्षीच्या प्रकाशनात तोच ३ लाख १० हजार झाला. जुनी वर्षंही बंद होत नाहीत, पुरावा मिळेल तशी ती दुरुस्त होत राहतात. म्हणून आकडा वापरताना कुठल्या आवृत्तीतला आहे हे लिहून ठेवा. नाहीतर दोन वर्षांच्या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की वाचकाला आपणच गोंधळ घातल्यासारखं वाटेल.

व्याख्येनं काय काय बदलतं हे पाहायचं असेल तर जोडीला मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये सुरू केलेला ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ हा जुना प्रकल्प बघा. त्यात १८१६ पासूनची युद्धं आहेत आणि दोन देशांमधलं युद्ध म्हणायला लढाईतले किमान १,००० मृत्यू लागतात. कारगिल त्या यादीत आहे. भारताचा अधिकृत आकडा ५२७ आहे, म्हणजे उंबरठा ओलांडला जातो तो पाकिस्तानच्या मृतांमुळे, आणि त्या संख्येवर आजही एकमत नाही. लोकशाही देश आपसांत युद्ध करत नाहीत असं मानणाऱ्या अभ्यासकांपुढे १९९९ चं कारगिल मोठा पेच टाकतं, कारण तेव्हा दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती. एवढा मोठा सिद्धान्त बर्फात राहिलेल्या काही शे जवानांच्या मोजणीवर येऊन थांबतो. त्यातल्या कित्येकांना त्यांच्या देशानं आपलं म्हणायलाही वेळ लावला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता या डेटाबेसची सगळ्यात मोठी मर्यादा. यात थेट हिंसेनं झालेलेच मृत्यू आहेत. युद्धामुळे दवाखाना बंद पडला आणि बाळंतीण गेली, विस्थापितांच्या छावणीत गोवरानं मूल गेलं, तर ते कुठल्याच स्तंभात येत नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचा ‘कॉस्ट्स ऑफ वॉर’ प्रकल्प ही बाजू बघतो. ९/११ नंतरच्या अफगाणिस्तान, पाकिस्तान, इराक, सीरिया, येमेन इथल्या युद्धांत हिंसेनं थेट सुमारे ९ लाख ४० हजार माणसं मेली आणि अप्रत्यक्ष मृत्यू ३६ ते ३८ लाख, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे एका प्रेतामागे जवळजवळ चार प्रेतं बातमीबाहेर.

असे अंदाज वापरताना हात जपून टाकावा लागतो. काँगोमध्ये १९९८ ते २००७ या काळात ५४ लाख जादा मृत्यू झाले असं इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीच्या पाहण्यांतून पुढे आलं. त्यातले बहुतेक मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांनी. घरोघरी जाऊन मृत्युदर काढायचा आणि युद्ध नसतं तर तो किती असता, ते त्यातून वजा करायचं, अशी ही पद्धत. टीकाकारांचं म्हणणं असं की तो ‘नसता तर’चा दर काँगोसारख्या आधीच मोडकळीला आलेल्या देशासाठी फार कमी धरला होता. तो थोडा वाढवला की लाखांनी फरक पडतो. माझ्या मते दोन्ही प्रकारचे आकडे द्यावेत, पण कधीही एका वाक्यात मिसळू नयेत. आमच्या चौकटीत आता ‘थेट हिंसेत’ आणि ‘उपासमार व आजार धरून’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात.

कमी आकडा म्हणजे दुःख कमी लेखणं, असा आक्षेप मी पुष्कळ ऐकते. असं म्हणणाऱ्यांना मी बोस्नियाचं उदाहरण देते. युद्धानंतर कित्येक वर्षं दोन लाख मृत हा आकडा सगळीकडे फिरत होता. सारायेवोतल्या संशोधन केंद्रानं मिर्साद टोकाचा यांच्या पुढाकारानं नावानिशी मोजणी केली, ती २००७ मध्ये सुमारे ९७ हजारांवर आली. त्यांच्यावर खूप टीका झाली. पण त्याच यादीनं हेही पक्कं केलं की मारल्या गेलेल्या नागरिकांत दहापैकी आठजण बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, होते. नाव, गाव आणि तारीख असलेल्या यादीला खोटं म्हणणं कठीण असतं. दोन लाख म्हणणाऱ्यांना आणि काहीच झालं नाही म्हणणाऱ्यांना, दोघांनाही तिच्यापुढे थांबावं लागलं.

युद्धाची कारणं शोधत असाल तर इथं फार काही हाती लागणार नाही. सरकारवरचा ताबा की भूप्रदेश, एवढीच वादाची नोंद असते. मात्र त्या बाबतीत जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन या राज्यशास्त्रज्ञांचं २००३ चं संशोधन जरूर वाचा. १९४५ ते १९९९ मधली यादवी युद्धं तपासून त्यांनी दाखवलं की देशात किती वंश आणि धर्म आहेत यापेक्षा गरिबी, दुबळं शासन आणि डोंगराळ मुलूख यांचा संबंध अधिक घट्ट आहे. ‘वांशिक संघर्ष’ हा शब्द मथळ्यात टाकताना तेव्हापासून मी दोनदा विचार करते.

नवी वार्षिक आवृत्ती साधारण जूनमध्ये येते. २०२४ सालासाठीच्या नोंदीत सरकार पक्षकार असलेले ६१ संघर्ष आहेत, १९४६ नंतरचे सगळ्यात जास्त, आणि त्यातले ११ युद्धाच्या पातळीवरचे. नवी फाइल उतरवलीत तरी जुनी पुसू नका. दोन्ही शेजारी ठेवून कुठल्या देशाच्या ओळी वाढल्या ते पाहा. जिथली बातमी वेळेवर आली नव्हती, ती गावं तिथंच सापडतात.